गाडीचा दिवा आणि घराचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने संसाराला उपयोगी पडेल अशा विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. आजवर लोणची-पापड टिकविणे, लहान मुलांची दुखणी, बँकेतील खाते, शिवणकाम असे विषय होऊन गेले. यंदा पाळी माझ्यावर आली. मी विषय सांगितला तेव्हा पुष्कळजणी हसल्या. मोटारीतला बिघाड सांगणारे आकडे कसे वाचावेत, हा का बायकांच्या सभेतला विषय, असे एकीने मला विचारलेही.

मी तिला म्हटले, का नसावा? बारामतीहून इंदापूरला निघावे. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, वाटेतल्या कोणत्याही गावात शिरावे. कोणाच्या दाराशी मोटार आहे, कोणाच्या दाराशी डाळिंबे नेणारा पिकअप, कोणाच्या दाराशी दुधाचा टेम्पो, कोणाच्या दाराशी प्रवासी रिक्षा. आपल्या बारामतीत तर तीनचाकी गाड्यांचा पियाजिओचा कारखानाच आहे आणि २०१२ सालापासून तेथे व्हेस्पा स्कूटरही तयार होते. म्हणजे वाहन ही काही आपल्याला परकी वस्तू राहिलेली नाही. त्या वाहनाचा हप्ता घरातून जातो, डिझेल घरातून जाते, दुरुस्तीही घरातूनच जाते. मग जो पैसा घरातून जातो तो कशापायी गेला, हे घरातल्या बाईला कळायला नको काय? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेवढ्या शिक्षणावर मला हे वाचता येऊ लागले. तेव्हा तुम्हा सर्वांना येईल, यात मला शंका नाही.

प्रथम त्या दिव्याविषयी सांगते. गाडी चालविणाऱ्यासमोर जे काटे व दिवे असतात, त्यांत इंजिनाच्या आकाराचा एक पिवळसर नारिंगी दिवा असतो. चावी फिरविली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की मालवतो. असे झाले म्हणजे दिवा शाबूत आहे व त्याची काही तक्रार नाही, असे समजावे. इंजिन चालू असताना मात्र तो लागून राहिला, तर गाडीने आपल्या वहीत काहीतरी टिपून ठेवले आहे.

गाडीला वही कुठली, असे तुम्ही म्हणाल. हल्लीच्या गाडीत एक लहानसा संगणक असतो. इंजिनात हवा किती गेली, पाणी किती तापले, इंजिनाचे फेरे किती, धुराच्या नळीत प्राणवायू किती उरला, हे सांगणारे बारीक बारीक पहारेकरी ठिकठिकाणी बसविलेले असतात. त्यांना सेन्सर म्हणतात. प्रत्येक सेन्सर तारेतून आपला निरोप संगणकाला धाडतो. निरोप ठरलेल्या मर्यादेत असला तर ठीक. मर्यादेबाहेर गेला, किंवा एकाचा निरोप दुसऱ्याच्या निरोपाशी जुळला नाही, तर संगणक एक खुणेचा आकडा लिहून ठेवतो. काही तक्रारी तो लगेच जाहीर करतो. काही तक्रारी मात्र पहिल्या खेपेला मनात ठेवतो आणि दुसऱ्या खेपेलाही तेच दिसले तर दिवा लावतो. एवढेच नव्हे, तर तक्रार झाली त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती तापले होते, हेही तो बहुधा सोबत टिपतो. चांगला मेकॅनिक हे टिपणही वाचतो. पुढे तीन खेपा निर्दोष झाल्या तर दिवा आपोआप मालवतो, पण वहीतली नोंद त्यानंतरही बरेच दिवस राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

ही सोय निघाली कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. ती मालकाच्या सुखासाठी निघाली नाही, हवा स्वच्छ राहावी म्हणून निघाली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात मोटारींच्या धुराने लोकांचे डोळे चुरचुरत, श्वास कोंडे. तेव्हा तेथील सरकारने १९८८ च्या नव्या गाड्यांपासून नियम केला, की धुरावर परिणाम करणारा बिघाड गाडीने स्वतः ओळखावा आणि दिवा लावून मालकाला सांगावा. आरंभी प्रत्येक कंपनीची खुणेची भाषा निराळी असे. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एकच जोड आणि एकच आकड्यांची रीत सक्तीची झाली. आपल्याकडे २०१० साली भारत स्टेज ४ चे नियम आधी मोठ्या शहरांत आले. त्यांत पुणेही होते आणि सोलापूरही होते. आपण मधल्यामध्ये राहिलो. २०१७ साली ते साऱ्या देशाला लागू झाले. त्या नियमांबरोबरच ही यंत्रणा मोटारींत आली आणि २०१३ पासून ती अधिक कडक झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आले, तेव्हा दुचाकींनाही आपला बिघाड आपण ओळखण्याची सक्ती झाली. नव्या गाडीचा नमुना बाजारात येण्यापूर्वी तो नियमांत बसतो की नाही, हे तपासणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच १९६६ पासून काम करीत आहे. तेव्हा तो पिवळा दिवा म्हणजे केवळ खर्चाची नोटीस नव्हे. आपल्या गाडीचा धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो आहे, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

आता त्या आकड्यांकडे वळू. प्रत्येक खुणेत आरंभी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे चार जागा असतात. त्या चार जागांत बहुतेक वेळा आकडेच असतात. अक्षरे चारच आहेत. पी म्हणजे इंजिन व गिअर यांचा कारभार. सी म्हणजे चाके, ब्रेक, स्टिअरिंग अशी गाडीची खालची बाजू. बी म्हणजे सांगाड्यातल्या वस्तू, जसे दरवाजे, हवेच्या पिशव्या, थंड हवेचे यंत्र. यू म्हणजे गाडीतले निरनिराळे संगणक एकमेकांशी बोलतात ते तारांचे जाळे. अक्षरानंतर शून्य असेल तर तो सर्व कंपन्यांना समान आकडा. एक असेल तर तो त्या कंपनीचा खास आकडा, त्याचा अर्थ त्या कंपनीच्याच यादीत पाहावा लागतो. त्याच्या पुढचा आकडा खाते सांगतो. पी च्या समान यादीत एक व दोन म्हणजे हवा आणि इंधन, तीन म्हणजे ठिणगी व जळण, चार म्हणजे धूर स्वच्छ करणारी यंत्रणा, पाच म्हणजे वेग व इंजिनाची मंद चाल, सहा म्हणजे खुद्द संगणक, सात व आठ म्हणजे गिअर. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात. पी ०३०१ असे आले, तर इंजिनाच्या पहिल्या सिलिंडरात जळण नीट होत नाही. पी ०३०२ आले, तर दुसऱ्या सिलिंडरात. सातबाऱ्यावरचा गट नंबर वाचणाऱ्या बाईला यात अवघड ते काय?

आकडा वाचण्याचे यंत्रही फार मोठे नसते. गॅरेजमधली यंत्रे महाग असतात, पण घरगुती उपयोगाचे काडेपेटीएवढे यंत्र काही शेकडा रुपयांपासून मिळते आणि ते मोबाइलशी जोडता येते. मोटारीत स्टिअरिंगच्या खालच्या अंगाला, गुडघ्याजवळ, सोळा छिद्रांचा एक जोड असतो. वर आठ व खाली आठ छिद्रे, आणि वरची बाजू जरा रुंद. त्यामुळे यंत्र उलटे बसत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, चावी बंद असताना यंत्र खोचावे, मग चावी फिरवावी पण इंजिन सुरू करू नये. मोबाइलवर आकडे वाचण्याची जागा दाबावी. जो आकडा दिसेल तो आधी कागदावर उतरवून घ्यावा. त्यापूर्वी दुसरे काहीही दाबू नये, पुसण्याचे बटण तर मुळीच नाही. काम झाले की यंत्र काढून ठेवावे, कारण लावून ठेवले तर ते बॅटरी खात राहते. स्कूटरला व रिक्षाला हा जोड निराळ्या आकाराचा असू शकतो. नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत आकड्यांची रीतच निराळी असते. तेथे त्या त्या कंपनीच्या माणसाला विचारणे बरे.

इथवर सारे सोपे आहे. खरी गोम पुढेच आहे, आणि तीच सांगण्यासाठी मी आज उभी आहे. आकडा वाचता येणे निराळे आणि आकड्याचा अर्थ लागणे निराळे.

आपण डेअरीला दूध घालतो. केंद्रावर यंत्रात दुधाचा थेंब जातो आणि फॅटचा आकडा येतो. एखाद्या दिवशी फॅट कमी लागली, तर आपण म्हैस बाजारात नेऊन उभी करतो काय? नाही. आपण विचार करतो. चारा बदलला का? पेंड कमी पडली का? वासराने शेवटचे दाट दूध ओढले का? बरणीत पाणी राहिले होते का? की यंत्रच बिघडले आहे? आकडा खोटा नसतो. पण आकडा म्हणजे कारण नव्हे. कारण शोधायला आकड्यापासून मागे चालत जावे लागते. गाडीच्या आकड्याचेही अगदी असेच आहे. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा निरोप फार कमी येतो, असे आकडा सांगतो. सेन्सर खराब आहे, असे तो सांगत नाही. सेन्सर खराब असेल, तार तुटली असेल, जोडात पाणी शिरले असेल किंवा हवेची नळी फाटली असेल. हे चारही शोधायचे असतात. न शोधता आकड्यात ज्या वस्तूचे नाव आले ती वस्तू बदलणे, म्हणजे फॅट कमी लागली म्हणून म्हैस विकणे.

आमच्याच घरात हे घडले. आमचे यजमान पिकअप टेम्पोवर डाळिंबांची व भाजीपाल्याची भाडी करतात. टेम्पोची वही मी ठेवते. रोजचे किलोमीटर, डिझेल, खेपा, मिळालेले भाडे, आणि काही वेगळे घडले तर त्याची एक ओळ. मागच्या पावसाळ्यात पिवळा दिवा लागला आणि गाडी ओढेना. एका गॅरेजात नेली. तेथे यंत्र लावले, पी ०१०२ हा आकडा निघाला. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा निरोप कमी, असा त्याचा अर्थ. त्यांनी सेन्सर बदलला, दिवा पुसला, मजुरीसह साडेपाच हजार घेतले. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला. आकडा तोच. आता ते म्हणाले, संगणकाची पेटीच गेली असणार, वीस-बावीस हजारांची तयारी ठेवा.

भगिनींनो, घरात तेवढे पैसे होते. पण ते धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले होते. गाडी उभी राहिली तर हप्ता थकतो आणि हप्ता थकला तर गाडी जाते, म्हणून यजमान ते पैसे गाडीला घालायला निघाले. पोरीने तोंडातून अक्षर काढले नाही. ती नुसती भांडी घासत राहिली. मी यजमानांना म्हटले, दोन दिवस थांबा, मला वही बघू द्या.

रात्री वही उघडून बसले. दिव्याची ओळ तीन ठिकाणी सापडली. गॅरेजात नेण्याआधीही एकदा तो लागला होता आणि दोन-तीन दिवसांत आपणहून मालवला होता. तिन्ही तारखांचे वार पाहिले. तिन्ही वेळा सोमवार. रविवारी आमच्याकडे टेम्पो धुतात, विहिरीच्या मोटारीचा पाइप लावून, बॉनेट उघडून. हे मी यजमानांना दाखविले. दुसऱ्या दिवशी आमचा पुतण्या आला. तो आय.टी.आय. शिकलेला आहे. त्याने आधी आपल्या यंत्राने आकडा पाहिला. मग सेन्सरला हात न लावता त्याच्यापासून निघालेली तार बोटांनी चाचपत मागे मागे गेला. वीतभर आत, जिथे दिसत नाही अशा जागी, तारेवरचे आवरण उंदरांनी कुरतडलेले होते. टेम्पो रात्री पेंडीच्या खोलीशेजारी उभा असतो. उंदरांना तेथे काय कमी? धुताना उघड्या तांब्यावर पाणी जाई, निरोप वाटेतच गळे, आणि वाळले की पुन्हा ठीक होई. दिवाही म्हणूनच येई नि जाई. तार कापून नवी जोडली, वर नळी चढविली, सामान व सगळे मिळून तीनशेच्या आत काम झाले. मुलीचा प्रवेश वेळेवर झाला.

साडेपाच हजार मात्र गेले ते गेले. पुतण्या म्हणाला, जुना सेन्सर बहुधा चांगलाच असणार, आणा, लावून बघू. पण जुना सेन्सर गॅरेजवाल्यांनी आम्हाला दिलेलाच नव्हता, आणि नंतर मागितला तेव्हा सापडला नाही.

यावरून सगळे मेकॅनिक लबाड असतात, असे कोणी समजू नका. उन्हातान्हात गाडीखाली निजून काम करणारी ती माणसे आहेत, आणि आपल्या भागात हुशार कारागिरांची उणीव नाही. दोष थोडा आपल्याकडेही येतो, तो असा. तार तपासायला दीड तास लागला आणि त्याचे चारशे रुपये मागितले, तर आपण कुरकुर करतो. नवे काही बसविले नाही, मग पैसे कशाचे, असे विचारतो. वस्तू बदलली तर मात्र पाच हजार मुकाट्याने देतो. मग कारागिरानेही शोधण्यापेक्षा बदलण्याची वाट का धरू नये? डॉक्टरने गोळी न देता नुसती नाडी पाहिली तरी आपण त्याची फी देतोच ना? शोधण्याच्या कष्टाला मोल द्यायला आपण शिकलो, तर पुष्कळ खर्च वाचेल.

आणखी दोन-तीन आकड्यांची ओळख करून देते, कारण त्यांत मोठी रक्कम गुंतलेली असते.

पी ०४२० हा आकडा सांगतो, की धूर स्वच्छ करणारे भांडे नीट काम करीत नाही. हे भांडे धुराच्या नळीत असते आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, म्हणून ते फार महाग. पण नळीला कुठे फट पडली असेल किंवा धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर चुकत असेल, तरी हाच आकडा येऊ शकतो. आणि भांडे खरोखर गेले असेल, तर ते कशाने गेले हे आधी पाहिले पाहिजे. इंजिन तेल जाळत असेल किंवा जळण अर्धवट होत असेल, तर नवे भांडेही तसेच जाईल.

पी ०३०० म्हणजे एका सिलिंडरात नव्हे, अनेक ठिकाणी जळण चुकते आहे. अशा वेळी पिवळा दिवा नुसता लागून न राहता उघडझाप करू लागला, तर वेग कमी करावा आणि सोयीची जागा पाहून गाडी थांबवावी. न जळालेले इंधन त्या महागड्या भांड्यात जाऊन ते तापवते व नासवते. तेलाच्या कीटलीचा लाल दिवा किंवा पाणी तापल्याचा लाल दिवा लागला, तर मात्र घर जवळ आले म्हणून पुढे जाऊ नये. तिथेच इंजिन बंद करावे.

नव्या डिझेल गाड्यांत पी २४६३ हा आकडा येतो. धुरातील काजळी अडविणारी जाळी भरत आली, असा त्याचा अर्थ. ही जाळी मोठ्या रस्त्यावर काही वेळ सलग वेगाने गाडी गेली, की तापून आपली काजळी आपण जाळते. पण वस्तीवरून गावात आणि गावातून वस्तीवर अशा दोन मैलांच्या खेपा रोज घातल्या, तर तिला तापायला सवडच मिळत नाही. अशी गाडी अधूनमधून सोलापूर रस्त्याला लांब नेऊन आणावी. गाडी घेण्यापूर्वीच आपल्या खेपा कशा आहेत, हे पाहून निवड केली तर अधिकच बरे.

आता दिवा पुसण्याविषयी. यंत्रावर एक बटण असते, ते दाबले की आकडाही जातो आणि दिवाही जातो. पुष्कळांना वाटते, झाली दुरुस्ती. ताप पाहण्याची नळी झटकून पारा खाली आणला, म्हणजे लेकराचा ताप उतरला काय? कारण कायम असेल तर दिवा आज ना उद्या परत येतो. वर आणखी नुकसान म्हणजे बिघाडाच्या क्षणीचे जे टिपण संगणकाने ठेवले होते तेही पुसले जाते, आणि पुढच्या कारागिराला काहीच माग राहत नाही.

जुनी गाडी घेताना तर या बटणाचा विचार जरूर करावा. विकणारा सकाळी आकडा पुसून दुपारी गाडी दाखवितो. दिवा नाही म्हणून आपण खूश. यावर दोन उपाय आहेत. एक, चावी फिरवून इंजिन सुरू करण्यापूर्वी तो पिवळा दिवा लागतो की नाही, ते स्वतः पाहावे. लागतच नसेल, तर दिवाच कोणीतरी निकामी केला असण्याचा संभव आहे. दुसरा, यंत्र लावून गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुऱ्या झाल्या आहेत का, ते पाहावे. यंत्रावर ही जागा रेडिनेस या नावाने असते. आकडे पुसले की या तपासण्याही कोऱ्या होतात आणि पुन्हा पुऱ्या व्हायला काही दिवसांचा प्रवास लागतो. पुष्कळशा तपासण्या अपुऱ्या दिसल्या, तर विकणाऱ्याला विचारावे, दादा, नुकतेच काही पुसले आहे काय, की बॅटरी काढली होती? बॅटरी काढल्यानेही पुष्कळ गाड्यांत असे होते. तो काय सांगतो ते शांतपणे ऐकावे आणि पैसे मोजण्याची घाई करू नये. चार-सहा दिवस गाडी चालवून पुन्हा यंत्र लावू द्या, असे म्हणावे. सचोटीचा माणूस याला नाही म्हणणार नाही.

सरतेशेवटी, आपण घरच्या घरी काय करावे ते सांगते. गाडीची एक वही करावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे आकडे मांडतोच, तसेच हे. तारीख, वार, किलोमीटर, डिझेल, दिवा लागला तर त्या वेळी पाऊस होता की ऊन, गाडी भरलेली होती की रिकामी, चढ होता की सपाटी. आकडा वाचला तर तो आकडा. काय दुरुस्ती केली, किती दिले. संगणक एका क्षणाचे टिपण ठेवतो. पण रविवारी गाडी धुतली, हे त्याला ठाऊक नसते. ते घरच्या माणसालाच ठाऊक असते.

आणि गॅरेजात गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत. पहिला, आकडा कोणता आला, तो मला लिहून द्या. दुसरा, ही वस्तू बदलायची हे कशावरून ठरविले, तार, जोड व नळी पाहिली काय? तिसरा, बदललेली जुनी वस्तू मला परत द्या. हे प्रश्न भांडणाच्या सुरात विचारू नयेत. भाजी घेताना आपण काटा पाहतो, तितक्याच सहजपणे विचारावेत. घरातले पुरुष म्हणतील, तुला त्यातले काय कळते. त्यांच्याशी वाद घालू नये. वही पुढे ठेवावी. आमच्या घरी आता दिवा लागला, की यजमान स्वतःच मला विचारतात, वार कोणता होता गं?

आपले मंडळ काही भांडी व सतरंज्या भाड्याने देते, त्यांत अशा एका लहान यंत्राची भर घालावी, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. किंमत एका पातेल्याहून जास्त नाही. ज्या भगिनीला गरज पडेल तिने ते न्यावे, आकडा उतरवून घ्यावा आणि परत आणून द्यावे. वाचायचे कसे, ते शिकवायला मी दर शनिवारी दुपारी मंडळात येऊन बसेन. आपल्या मुलींनाही पाठवा. आय.टी.आय.त मोटारीचा अभ्यासक्रम फक्त मुलांसाठीच असतो, असे त्यांना वाटता कामा नये.